गरज दहा वर्षांची, कर्ज वीस वर्षांचं

भाड्याचे पैसे पाण्यात जातात, हे वाक्य मी माहेरी ऐकलं, सासरी ऐकलं, ऑफिसात डबा खाताना ऐकलं आणि 2022 च्या एप्रिलमध्ये बँकेच्या गृहकर्ज विभागातही ऐकलं. हप्ता भरला तर घर तरी आपलं होतं, भाडं भरून हातात काय उरतं? आपल्याकडे या प्रश्नाला कुणी उत्तर देत नाही. तो विचारला की चर्चा संपली असं समजायचं आणि फ्लॅट बघायला निघायचं. मी त्याचं उत्तर कागदावर मांडून पाहिलं, त्याप्रमाणे वागले आणि त्याचे चटकेही सोसले. तरीही माझं म्हणणं तेच आहे. डोक्यावर स्वतःचं एक छोटं छप्पर असेल आणि संसाराला मोठी जागा हवी असेल, तर ती मोठी जागा भाड्याने घ्यावी. आणि तशी घेणाऱ्या कुटुंबाला ताठ मानेने राहता येत नसेल, तर दोष त्या कुटुंबाच्या निर्णयाचा नाही, भाडेकराराच्या आपल्या व्यवस्थेचा आहे. ती बदलायला हवी.

आधी आमच्या घराचं सांगते. पुण्यात सिंहगड रस्त्यावर आमचा वन बीएचके आहे, 560 चौरस फूट कार्पेट. कर्ज फिटलेलं. दोन मुलं लहान होती तोवर काही अडलं नाही. 2021 मध्ये बाबा गेले आणि आई आमच्याकडे आली. तेव्हा तिचं वय 73. तिचा पलंग हॉलमध्ये लागला. रात्री साडेनऊला तिला दिवा बंद हवा असे आणि मुलीचा अभ्यास तर तेव्हाच सुरू होई. ती ओट्यासमोर पाट टाकून बसायची, कुकरच्या शिट्या ऐकत गणितं सोडवायची. मुलगा पाचवीत जाणार होता, त्याला आपलं असं कपाटसुद्धा नव्हतं. आई एकदा म्हणाली, "माझ्यामुळे तुमची अडचण झाली गं." त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवलं, तीन बेडरूमचं घर हवं.

त्याच परिसरात 950 चौरस फुटांचा थ्री बीएचके विकत 1 कोटी 25 लाखांना होता. त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर तेवढाच फ्लॅट भाड्याने 28,000 रुपयांना होता. म्हणजे सव्वा कोटीच्या मालमत्तेचं वर्षाचं भाडं 3 लाख 36 हजार, किमतीच्या पावणेतीन टक्क्यांहूनही थोडं कमी. आपल्या बहुतेक मोठ्या शहरांत हे प्रमाण दोन ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं आणि गृहकर्ज सात ते साडेनऊ टक्क्यांनी मिळतं. या दोन आकड्यांत जी दरी आहे, तिच्यातच सगळं उत्तर आहे. पण आपण हे दोन आकडे कधी शेजारी ठेवत नाही.

आम्ही ठेवले. जुनं घर विकून 48 लाख येणार होते. त्यातून नव्या घराचं मुद्रांक शुल्क जायचं होतं. पुण्यात ते 7 टक्के, आणि घर फक्त माझ्या नावावर घेतलं तर महिलांसाठीच्या सवलतीमुळे 6 टक्के, म्हणजे साडेसात लाख. मात्र ही सवलत घ्यायची तर नवऱ्याचं नाव लावता येत नाही, आणि तो मालकच नसेल तर त्याला व्याजावरची प्राप्तिकराची वजावटही मिळत नाही. एका हाताने घेतलेलं दुसऱ्या हाताने द्यावं लागतं. पुढे नोंदणी 30,000, दोन्ही व्यवहारांची दलाली, सोसायटीची हस्तांतरण फी, आणि रंग, फर्निचर, किचन ट्रॉली यांचे सहा लाख. सगळं मिळून 16 लाख तिथेच संपत होते. हातात उरत होते 32 लाख, आणि कर्ज लागत होतं 93 लाखांचं. 75 लाखांवरच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या 75 टक्क्यांपेक्षा जास्त देऊ शकत नाही, तो रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आमच्या बाबतीत ती मर्यादा 93 लाख 75 हजार होती. आम्ही अगदी काठावर उभे होतो.

सात टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता 72,100 रुपये. त्यातल्या पहिल्या महिन्यात व्याज किती? 54,250 रुपये. घर "आपलं" होण्याच्या खात्यात पडणार होते जेमतेम 17,850. ज्याला आपण वाया जाणं म्हणतो ते भाडं होतं 28,000. आणि जे परत मिळत नाही, ज्याच्या बदल्यात एक वीटसुद्धा आपली होत नाही, ते व्याज त्याच्या जवळजवळ दुप्पट. मग पाण्यात काय जात होतं?

मी हे एका नातेवाइकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, भाडं दरवर्षी वाढतं, हप्ता मात्र आहे तेवढाच राहतो. हा समज सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. आपली बहुतेक गृहकर्जं फ्लोटिंग दराची असतात, म्हणजे व्याजदर मुदतीत वरखाली होत राहतो. 2022 च्या मे पासून 2023 च्या फेब्रुवारीपर्यंत रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर नेला. आम्ही ते कर्ज घेतलं असतं तर दहा महिन्यांत दर साडेनऊच्या घरात गेला असता आणि 72,100 च्या हप्त्यात महिन्याचं व्याजसुद्धा मावलं नसतं. हप्ता 86,000 च्या पुढे न्यावा लागला असता, नाहीतर मुदत लांबत गेली असती. त्या काळात कितीतरी लोकांना बँकेने न विचारता मुदत वाढवल्याचं नंतर कळलं. वयाच्या साठाव्या वर्षी संपणारं कर्ज सत्तरीपलीकडे गेलेलं पाहून ते हादरले. शेवटी 2023 च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेला सूचना काढावी लागली, की दर बदलताना ग्राहकाला हप्ता वाढवायचा की मुदत हे निवडू द्या, आणि मुदत इतकी लांबवू नका की हप्त्यातून व्याजही फिटणार नाही. घरमालक एका वर्षात दहा टक्के भाडं वाढवतो तेव्हा आपण त्याला लुटारू म्हणतो. कर्जाचा हप्ता दहा महिन्यांत वीस टक्के वाढतो तेव्हा आपण नशिबाला बोल लावतो. 2025 मध्ये रेपो दर पुन्हा 5.25 टक्क्यांपर्यंत खाली आला हे खरं. पण ज्याचा संसार मधल्या दोन वर्षांत मोडकळीला आला, त्याला ते दोन वर्षं कोण परत देणार?

आता दुसरी बाजू. विकत घेण्याच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा किमतींचा आहे. घर वाढतं, भाड्याची पावती वाढत नाही. हे मी टाळणार नाही, कारण याच ठिकाणी माझा हिशेब हरू शकतो. सरासरी व्याज साडेआठ टक्के धरलं तर त्या 93 लाखांचा हप्ता 80,700 च्या आसपास येतो. दहा वर्षांत सुमारे 97 लाख भरून झाल्यावरही कर्ज शिल्लक राहतं ते 65 लाख. (पहिल्यांदा हा आकडा पाहिला तेव्हा मी गणित तीनदा तपासलं.) उलट भाड्याने राहिलो तर जुनं घर आपल्याकडेच राहतं, त्याचं भाडं येतं आणि हप्त्यातून वाचलेल्या रकमेपैकी फक्त 40,000 रुपये दरमहा सात टक्क्यांनी गुंतवले तरी दहा वर्षांत 69 लाख होतात. कर सोडून देऊ. आता मोठं आणि छोटं, दोन्ही घरं सारख्याच वेगाने वाढली असं धरा. दरवर्षी साधारण पावणेसहा टक्के वाढ झाली तर दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात. त्याहून जास्त वाढ झाली तर विकत घेणारा जिंकतो, आठ टक्क्यांनी वाढली तर तीसेक लाखांनी पुढे जातो. तीन टक्क्यांनीच वाढली तर तेवढ्याच रकमेने मागे पडतो.

म्हणजे ही पैज आहे. पैज लावायला माझी हरकत नाही, पण ती पैज आहे हे कळून लावावी. 2014 नंतरची पाच-सहा वर्षं पुण्याच्या अनेक भागांत किमती जागच्या हलल्या नव्हत्या, हे त्या वेळी घर विकायला काढलेल्या कुणालाही विचारा. करोनानंतर त्या वाढल्या. पुढच्या दहा वर्षांत काय होईल हे मला माहीत नाही आणि साइट ऑफिसात चहा देणाऱ्या त्या मुलालाही माहीत नाही. आणि पैज हरली तर किंमत कोण मोजतं? मुलांचं शिक्षण, आईचं औषधपाणी, नवऱ्याची नोकरी गेली तर लागणारे सहा महिन्यांचे पैसे. ज्या कुटुंबाचा अर्धा पगार हप्त्यात जातो ते मोठ्या घरात राहतं, पण त्या घरात श्वास कोंडतो.

पैशाहून मोठा असा एक मुद्दा मात्र राहतो, आणि माझ्या लेखी तोच खरा आहे. मोठी जागा आपल्याला लागते ती किती वर्षं? मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत, आई 74 वर्षांची. आम्हाला तीन खोल्या लागणार होत्या त्या आई आहे तोवर आणि मुलं घरात आहेत तोवर. दहा वर्षांनी मुलगी शिकून बाहेर पडलेली असेल, मुलगाही पडण्याच्या बेतात असेल. आईबद्दलचं वाक्य मी पूर्ण करत नाही. गरज दहा वर्षांची आणि कर्ज वीस वर्षांचं. उरलेली दहा वर्षं आम्ही दोघं कुणासाठी हप्ते भरत बसणार होतो?

कोथरूडला, सहकारनगरला, औंधला एकदा संध्याकाळी चालत जा आणि दिवे मोजा. चार खोल्यांच्या घरात एका खोलीत दिवा. सत्तरीतलं जोडपं, मुलगा बंगळूरला नाहीतर न्यू जर्सीला, दोन खोल्यांना कुलूप, आठवड्यातून एकदा बाई येऊन झाडते. ती घरं याच हिशेबाने घेतली होती: मुलांना खोली हवी, उद्या सून येईल, नातवंडं येतील. घर उभं राहिलं तोवर माणसं निघून गेली. आणि त्यांच्यापासून दोन किलोमीटरवर वन बीएचकेत पाच माणसं झोपताहेत. शहरात खोल्या कमी आहेत असं मला वाटत नाही. एकाच्या रिकाम्या खोलीत दुसऱ्याने राहायचं तर जो विश्वासाचा पूल लागतो, तो आपण बांधलेला नाही. भाडेकरार हाच तो पूल.

2017-18 च्या केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणीत दोन गोष्टी नोंदवल्या आहेत. 1961 मध्ये भारतीय शहरांतली 54 टक्के घरं भाड्याची होती, 2011 मध्ये हे प्रमाण 28 टक्क्यांवर आलं. आणि 2011 च्या जनगणनेत शहरांतली 1 कोटी 11 लाख घरं रिकामी आढळली, त्यांत महाराष्ट्र सगळ्यात पुढे. रिकामं घर ठेवणं मालकाला परवडतं, भाड्याने देणं परवडत नाही, हे असं का झालं?

याची गोष्ट आपल्याच राज्याची आहे. 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा तात्पुरता म्हणून आला. युद्धानंतरची टंचाई होती, फाळणीनंतर लोक येत होते, भाडं आवरणं गरजेचं होतं. 1 सप्टेंबर 1940 ला जे भाडं होतं ते प्रमाण मानलं गेलं. मुदत वाढत वाढत तो कायदा पन्नास वर्षं चालला. गिरगावात, लालबागेत, पुण्याच्या पेठांत भाडं पंधरा-वीस रुपयांवर थिजलं आणि मालकाने दुरुस्तीतून अंग काढलं. त्यातून वाट काढायला मालकांनी लिव्ह अँड लायसन्स ही पद्धत धरली, म्हणजे हा भाडेकरू नव्हेच, फक्त राहायची परवानगी दिलेला माणूस. मग 1973 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षी 1 फेब्रुवारीला जे असे परवानाधारक राहत होते ते कायदेशीर भाडेकरू ठरले. एका दिवसात असंख्य मालकांना वाटलं की आपलं घर गेलं. आजही एखादे काका फ्लॅट रिकामा ठेवतात आणि "एकदा माणूस शिरला की निघत नाही" म्हणतात, तेव्हा त्यांच्या तोंडून ते 1973 बोलत असतं. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेलं प्रमाण भाडं अन्यायकारक आणि मनमानी ठरवलं, आणि 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू झाला.

या नव्या कायद्याने मालकाची भीती जवळजवळ संपवली. कराराची मुदत संपली आणि राहणारा निघाला नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, वर्षानुवर्षं दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. मुदतीनंतर राहणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. हे योग्यच झालं, मी स्वतः माझं छोटं घर भाड्याने दिलेलं आहे, मलाही या तरतुदीचा आधार वाटतो. पण तराजूचं पारडं एका टोकावरून उचललं आणि थेट दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. जुन्या कायद्यात भाडेकरूला हलवता येत नव्हतं. आताच्या व्यवस्थेत राहणाऱ्याला मुदतीनंतर एका दिवसाचाही आधार नाही, आणि मुदत असते अकरा महिन्यांची.

अकरा महिने काय असतात ते मुलांच्या आईला विचारा. आम्ही भाड्याच्या घरात शिरलो 1 जून 2022 ला, शाळा सुरू होण्याआधी. पहिला करार संपला एप्रिलअखेर. दुसरा मार्चअखेर. तिसरा 28 फेब्रुवारी 2025 ला संपणार होता. दर वेळी एक महिना मागे सरकत सरकत करार बरोबर परीक्षेत येऊन उभा राहिला. मुलीची दहावीची परीक्षा 21 फेब्रुवारीला सुरू होत होती. नोव्हेंबरात मालकांचा फोन आला. किमती वाढल्या होत्या, गिऱ्हाईक मिळालं होतं, मार्चमध्ये रिकाम्या घराचा ताबा द्यायचा होता. मी फक्त तीन आठवडे मागितले, परीक्षा संपेपर्यंतचे. ते म्हणाले, ताई, करारात लिहिलंय तसंच होईल. त्यांनी काहीही बेकायदा केलं नाही. हेच मला खुपतं. पूर्वपरीक्षेच्या तोंडावर, डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही टेम्पो भरला. आई जिन्यात खुर्ची टाकून बसली होती, कुणाला वाटेत नको म्हणून.

त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाने मला सांगितलं, की बघ, विकत घेतलं असतं तर ही वेळ आली नसती. खरं आहे. आणि म्हणूनच मी म्हणते, की आपले लोक घर विकत घेतात ते गणित येत नाही म्हणून नव्हे. ते वर्षाला लाखो रुपयांचं जास्तीचं व्याज मोजतात ते या एका गोष्टीसाठी, की मुलीच्या दहावीत कुणी टेम्पो बोलवायला लावू नये. एवढी महाग सुरक्षितता विकत घ्यायची वेळ नागरिकांवर का यावी? ती कायद्याने जवळजवळ फुकट देता येते.

अकरा महिन्यांना तर आता काही कायदेशीर आधारही उरलेला नाही. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असते, ती टाळायला देशभर अकरा महिन्यांची रीत पडली. पण महाराष्ट्रात 1999 च्या कायद्याच्या कलम 55 प्रमाणे प्रत्येक लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी करायचीच आहे तर अकराच का? 60 महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या अवघं पाव टक्का लागतं. तरीही एजंट तोच छापील मसुदा पुढे करतो, कारण दर अकरा महिन्यांनी त्याची फी येते. मालक सही करतो कारण वडिलांनी तसंच केलं होतं. आणि आपण सही करतो कारण अजून तीन कुटुंबं खाली गेटवर उभी असतात.

माझं मागणं साधं आहे. शाळेत जाणारी मुलं किंवा वयस्कर माणसं ज्या घरात आहेत, त्यांनी मागितला तर किमान तीन वर्षांचा करार द्यायला हवा, आणि त्यात मालकालाही मुदतीआधी बाहेर काढता येऊ नये. आज लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या काळात करार मोडायचा नाही ही अट, लिहिला जातो तो बहुतेक वेळा राहणाऱ्यापुरता. करार शैक्षणिक वर्षाच्या मध्ये संपत असेल तर तो मे अखेरपर्यंत आपोआप चालू राहावा, ठरलेल्या भाड्याने. मालक घर विकू शकतो, पण खरेदीदाराने ते घर राहणाऱ्यासकट घ्यावं, दुकानाचा गाळा घेतात तसं. भाडं किती असावं यात सरकारने पडू नये, 1947 ची चूक पुन्हा नको. वाढ किती ते करारात आधी लिहा आणि दोघांनी पाळा, एवढं पुरे. डिपॉझिटचंही तेच. केंद्राने 2021 मध्ये आणलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं डिपॉझिट सांगितलं आहे, पण तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांवर सोडलं आहे. ज्या राज्याने भाडे कायद्याचे सगळे प्रयोग स्वतःच्या अंगावर करून पाहिले, त्याने यात पुढे असायला हवं.

सोसायट्यांबद्दल बोललं पाहिजे. भाडेकरू म्हणजे उपरा, त्याच्या मुलांनी बागेत जायचं तर बघून, त्याने सर्वसाधारण सभेच्या दिवशी गाडी आत लावायची नाही, हे नियम कुठल्या कायद्यात आहेत? मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी त्याच्याकडून जे भोगवटेतर शुल्क घेते, ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा शासन आदेश 2001 पासून आहे. तरी अनेक ठिकाणी मनमानी आकारणी चालते आणि ती शेवटी भाड्यात येऊन बसते. आणि घर देताना आडनाव विचारणं, धर्म विचारणं, ताटात काय असतं ते विचारणं, एकट्या बाईला नकार देणं, हे तर उघड चालू आहे. ज्या लोकांना भाड्याने घरच मिळू दिलं जात नाही, त्यांना माझा हा हिशेब सांगण्याची मला लाज वाटते. त्यांच्यासाठी घर विकत घेणं हा व्याजाचा प्रश्न नाही, मानाचा आहे. घटस्फोटित मैत्रिणीने 45 व्या वर्षी कर्ज काढून लहानसा फ्लॅट घेतला, तेव्हा मी तिला एका शब्दाने अडवलं नाही. पहिलं छप्पर स्वतःचं असावं, हे मीही मानते. माझा वाद दुसऱ्या, मोठ्या छपराशी आहे. आणि ज्यांचा हप्ता उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्यात बसतो, ज्यांना पुढची वीस वर्षं तिथेच राहायचं आहे हे पक्कं माहीत आहे, त्यांनी खुशाल घ्यावं.

सरकारकडे पाहिलं तर त्याचं सगळं बळ विकत घेणाऱ्याच्या पाठीशी. 2020 च्या सप्टेंबरात मुद्रांक शुल्क चार महिन्यांसाठी तीन टक्क्यांनी कमी केलं, आणि नोंदणी कार्यालयांबाहेर रांगा लागल्या. त्या सवलतीत घाईने मोठी घरं घेतलेले लोक माझ्या ओळखीत आहेत. म्हाडाची सोडत निघते ती विकायच्या घरांची. राज्याच्या 2025 च्या गृहनिर्माण धोरणात 2030 पर्यंत 35 लाख घरांचं उद्दिष्ट आहे, भाड्याच्या घरांचा उल्लेखही आहे. धोरणाचं नाव मात्र "माझे घर, माझा अधिकार". भाड्याचं घरसुद्धा राहणाऱ्याचं घरच असतं, त्याच्यावर राहणाऱ्याचा काय अधिकार ते कुणी लिहायचं?

जानेवारी 2025 पासून आम्ही ज्या घरात राहतो ते एका निवृत्त जोडप्याचं आहे. मुलगी परदेशी. गुडघ्यांमुळे ते दोघं तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला गेले आणि वरचा थ्री बीएचके रिकामा होता. भाडं 36,000, दरवर्षी पाच टक्के वाढ. मी त्यांना म्हटलं, मला 41 महिन्यांचा करार हवा आहे. एजंट म्हणाला, असा करार कुणी करत नाही. काकूंनी विचारलं, "एक्केचाळीसच का?" मी सांगितलं, मुलगा आत्ता सातवीत आहे, 2028 च्या मार्चमध्ये त्याची दहावी होईल, करार 31 मे 2028 ला संपू दे. मुद्रांक आणि नोंदणी मिळून पाच हजारांच्या आसपास खर्च आला. तोवर आम्हीही सोडायचं नाही आणि त्यांनीही काढायचं नाही, असं एक कलम दोघांसाठी सारखं लिहून घेतलं. सह्या झाल्यावर काका म्हणाले, आम्हालाही दर वर्षी नवा माणूस शोधायचा त्रास नको होता, पण एवढा लांबचा करार चालतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या रात्री आईच्या खोलीत साडेनऊला दिवा बंद झाला आणि शेजारच्या खोलीत मुलीने भूमितीचं पुस्तक उघडलं.